रजनीताईंची तीनशेतीन

रजनीताई पराते मनमिळाऊ नव्हत्या. हे आधीच लिहून टाकतो, कारण त्यांच्या शोकसभेत सात जण बोलले आणि त्यांतल्या पाच जणांनी त्यांना मनमिळाऊ म्हटलं. उरलेल्या दोघांनी 'सगळ्यांना सांभाळून घेणाऱ्या' म्हटलं. आयर्लंडमधल्या पोर्टलीश गावच्या आमच्या मराठी मंडळात गेलेल्या माणसाबद्दल असंच बोलतात, आणि तिथे उभं राहून कोणाला खोडून काढणं बरं दिसलं नसतं. पण मी त्यांच्याबरोबर नऊ वर्षं एका कारखान्यात काम केलं. त्यांच्यापासून चार घरं सोडून राहिलो. त्यांनी कोणाला सांभाळून घेतल्याचं मी पाहिलेलं नाही. त्यामुळे त्यांच्यात काही कमी राहिलं असंही मला वाटत नाही.

त्या नागपूरच्या, गोळीबार चौकाजवळच्या. वडील मागावर साड्या विणायचे. मुलीला त्यांनी इंजिनिअर केलं, आणि ती मुलगी पन्नाशीच्या जवळ आल्यावर एकटी आयर्लंडला आली. नवरा तिकडेच राहिला. मंडळातल्या एका बाईंनी एकदा गणपतीच्या जेवणात त्याबद्दल आडून विचारलं. रजनीताईंनी वाटीतली भाजी संपवली आणि म्हणाल्या, "ते तिकडं बरे आहेत, मी इकडं बरी आहे. बरं, मग?"

हे 'बरं, मग?' त्यांचं नेहमीचं. समोरच्याने पाच मिनिटं कारणं सांगावीत, नियम सांगावेत, लोक काय म्हणतील ते सांगावं, आणि शेवटी त्यांनी हे दोन शब्द पुढ्यात ठेवावेत. त्यात राग नसायचा. समोरच्याचं बोलणं खरंच अर्धवट राहिलंय आणि तो पुढे काय सांगतो याची वाट पाहायची आहे, असा तो प्रश्न असायचा. 

भाषाही त्यांनी बदलली नाही. आम्ही सगळे पुण्यामुंबईचे, एका वाक्यात चार इंग्रजी शब्द घालून बोलणारे. आमची मुलं तर मराठी ऐकतात आणि आयरिश हेल काढून इंग्रजीत उत्तर देतात. रजनीताई मीटिंगमधून बाहेर येऊन माझ्या टेबलापाशी उभ्या राहायच्या आणि खणखणीत आवाजात विचारायच्या, "काय करून राहिले, भाऊ? जेवले का?" अख्खा मजला मान वर करून पाहायचा. त्यांना ते कळायचं. आवाज तेवढाच राहायचा.

आमच्या कारखान्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांत घालायच्या बारीक नळ्या बनतात. मी मालाचं नियोजन पाहतो, म्हणजे किती नळ्या कधी बाहेर पडतील याचा हिशोब माझ्याकडे. त्या नळ्या बाहेर पडू द्यायच्या की नाही, हे ठरवणं रजनीताईंकडे. म्हणजे आमचं भांडण व्हावं अशीच ती रचना होती. एकदा त्यांनी एक मोठी खेप अडवली. नळीची जाडी मर्यादेच्या किंचित बाहेर होती. व्यवस्थापक स्वतः खाली आले आणि म्हणाले, ही जवळजवळ मर्यादेतच आहे. रजनीताईंनी ड्रॉइंग टेबलावर पसरलं आणि त्यांच्या हातात पेन दिलं. "'जवळजवळ' कुठं लिहिलंय, तेवढं दाखवा. दाखवलं की मी आत्ता सोडते." खेप गेली नाही. माझा महिन्याचा आकडा बसला नाही. मी त्यांच्याशी आठवडाभर बोललो नाही, आणि हे त्यांच्या लक्षात तरी आलं की नाही कोण जाणे.

बंदुकीची गोष्ट टॉमपासून सुरू होते.

टॉम हा स्लीव ब्लूमच्या डोंगराच्या पायथ्याशी राहणारा म्हातारा शेतकरी. रजनीताई इथे आल्या तेव्हा पहिलं वर्ष त्याच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहिल्या, आणि पुढे गावात घर घेतलं तरी दर रविवारी त्याच्याकडे जायच्या. टॉमच्या रानातली ॲशची झाडं रोगाने गेली होती. त्या जागी त्याने ओकची रोपं लावली, आणि डोंगरातून हरणं उतरून ती खायला लागली. कोवळा शेंडा खायचा, साल सोलायची. इथे वाघ नाही, लांडगा नाही. हरणांना मारायला माणसाशिवाय कोणी नाही, आणि ते परवान्याने मारता येतं. टॉमकडे त्याच्या वडिलांपासून आलेली एक रायफल होती. पण त्याची नजर गेली होती. तो खिडकीत बसून हरणं रोपं खाताना पाहायचा. म्हणजे खरं तर पाहायचाही नाही. हलणारं काहीतरी दिसायचं आणि शिव्या द्यायचा.

एका रविवारी तो रजनीताईंना म्हणाला, "तू घे ती. परवाना काढ. माझी झाडं वाचव."

ती होती तीनशेतीन, म्हणजे आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर असायची ती थ्री-नॉट-थ्री. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने वापरलेली, युद्धानंतर जास्तीची म्हणून विकलेली. प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका, म्हणजे मागचा बोल्ट, मागेपुढे ओढायचा, ती जात. नळीच्या जवळजवळ टोकापर्यंत वरून-खालून लाकूड, पुढे संगीन बसवायची सोय, वजन चार किलोच्या वर. शिपायासाठी ठीक. पण ओल्या डोंगरात दिवसभर खांद्यावर घेऊन फिरायला अवजड, आणि दुर्बीण बसवायला जागा नाही. अशा रायफलीचं पुढचं लाकूड कापून, खांद्याला टेकवायचा दस्ता तासून, वर दुर्बीण बसवून तिची शिकारी रायफल करायची इथे जुनी रीत आहे. रजनीताईंनी तेच ठरवलं.

मी म्हटलं, "ताई, नवीन घ्या ना. हलकी मिळते, दुर्बिणीसकट."

"नवीन कोणालाही भेटते, भाऊ. ही त्याने मला दिली."

इथला कायदा कडक आहे आणि रजनीताई कायद्याच्या बाबतीत आमच्या सगळ्यांपेक्षा कडक होत्या. परवाना हातात येईपर्यंत रायफल डोनल नावाच्या परवानाधारक कारागिराच्या दुकानात राहिली. लोखंडाचं जे काही करायचं ते डोनलने करायचं. लाकूड मात्र लाकूडच असतं, ते घरी आणता येतं. म्हणून लोखंड दुकानात आणि लाकूड रजनीताईंच्या स्वयंपाकघरात, असा संसार सुरू झाला. दर शनिवारी त्या लाकूड टॉवेलात गुंडाळून दुकानात न्यायच्या. डोनल लोखंडाला दिव्याची काजळी लावायचा, लाकडावर बसवायचा आणि काढायचा. जिथे काळा डाग पडला तिथे लाकूड अडतंय. तेवढंच पटाशीने खरवडायचं आणि पुन्हा बसवायचं. आठवड्याला एवढीच प्रगती. घरी त्या दस्ता घासायच्या. आम्ही चहाला गेलो की ओट्यावर एकीकडे कणकेची परात आणि दुसरीकडे अक्रोडाचा तो दस्ता असायचा, आणि घरभर जवसाच्या तेलाचा वास. माझी मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची. ती बाहेर पडल्यावर म्हणाली, "रजनीकाकू इज अ लेजंड." बायको म्हणाली, "लेजंड असू दे, पण बंदुकीच्या दस्त्याशेजारीच कणीक मळतात."

परवान्याच्या अर्जाला दोन ओळखीची माणसं लागतात. एक टॉम. दुसरा म्हणून त्यांनी माझं नाव घातलं, आणि घातल्यावर मला सांगितलं.

बायको, अनघा, हादरली. "तुम्ही बंदुकीसाठी कोणाची हमी घेणार? उद्या काही झालं म्हणजे?"

"काय होईल?"

"ते मला काय माहीत? बंदूक आहे ती."

मी विचार केला. इतक्या वर्षांत या बाईंनी मोजमाप न करता एकही गोष्ट सही करून पुढे पाठवलेली नव्हती. ज्या सह्या त्यांनी केल्या नाहीत त्यांतल्या बऱ्याच मला महागात पडल्या होत्या. एवढा पुरावा मला पुरेसा वाटला. पोलीस ठाण्यातून फोन आला. अधिकाऱ्याने विचारलं, "बाईंचा स्वभाव शांत आहे का?"

मी म्हटलं, "नाही. पण त्या निष्काळजी नाहीत."

पलीकडे तो हसला आणि लिहून घेतलं. परवाना आला, पण एका अटीवर: कारण हरणाचं, तेव्हा शिकारीची नेमबाजीची परीक्षा द्यायची. परीक्षा नाही तर हरणाचा परवाना नाही, आणि हरणाचा परवाना नाही तर रायफल जवळ ठेवायला कारण नाही. मग ती डोनलच्या दुकानात परत, विक्रीच्या रांगेत.

तिथे ती घ्यायला डेक्लन टपून बसला होता. डेक्लन हा टॉमचा पुतण्या, पन्नाशीचा, भला माणूस. त्याला जुन्या लष्करी रायफलींचा नाद. त्याचं म्हणणं, या रायफलीवरचे सगळे आकडे एकमेकांशी जुळतात, म्हणजे कारखान्यातून एकत्र निघालेले भाग आजही एकत्र आहेत. अशी मिळत नाही. तिला हात लावणं म्हणजे पाप. लाकूड कापायच्या शनिवारी तो मुद्दाम डोनलच्या दुकानात आला. मीही होतो, कारण रजनीताईंची गाडी दुरुस्तीला गेली होती.

फोरएंड, म्हणजे नळीखालचं लांब लाकूड, शिकंज्यात आवळून ठेवलं होतं. त्यावर पेन्सिलीची रेघ.

डेक्लन म्हणाला, "एक इंच कापलंस तरी ती संपली. युद्ध पाहिलेली वस्तू आहे ती. इतिहास आहे."

"तुझ्याकडे अशा किती आहेत?" रजनीताईंनी विचारलं.

"अकरा."

"चालवतोस किती?"

"चालवायच्या नसतात त्या. जपायच्या असतात."

"ही माणसं मारायला केली होती," रजनीताई म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी साधं होतं, आणि नागपूरच्याच चालीवर यायचं. "आता तिला दुसरं काम देते. त्या म्हाताऱ्याची झाडं वाचवेल. यात इतिहासाचं काय बिघडलं?"

"बिघडलं म्हणजे... ती आहे तशी राहणार नाही."

"मीही आले तशी राहिले नाही. बरं, मग?"

आणि त्यांनी करवत चालवली. घाईने नाही, चिडून नाही. लांब, सरळ ओढी. डेक्लन दाराबाहेर जाऊन उभा राहिला. तुकडा खाली पडला तेव्हा डोनलने तो उचलून त्यांच्या हातात दिला आणि हळूच म्हणाला, "या रायफलींना टोकाशी आधार लागतो, मिसेस. तेवढं लक्षात ठेव." रजनीताईंनी मान हलवली. पण ते ऐकल्याची नव्हती ती मान. ती 'आता मला काम करू दे' अशी होती.

दसऱ्याला मंडळाचं शस्त्रपूजन असतं. शस्त्रपूजन म्हणजे काय, तर कम्युनिटी हॉलमध्ये पाटावर लॅपटॉप, गाड्यांच्या किल्ल्या, एका डॉक्टरांचा स्टेथोस्कोप, आणि शिवजयंतीच्या नाटकातली प्लास्टिकची तलवार. त्या वर्षी रजनीताई पटाशी, कानस आणि तो कापलेला तुकडा घेऊन आल्या. रायफल अर्थातच नाही. ती कुलपाच्या कपाटातून हॉलमध्ये आणणं त्यांच्या मनातही आलं नसतं. फक्त लाकूड.

मंदार आमचा सचिव. सॉफ्टवेअरवाला, सज्जन, भांडणाला भिणारा. तो जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "ताई, हे ते... बंदुकीचं ना?"

"बंदुकीचं होतं. आता लाकूड आहे."

"नाही, काय आहे ना, लोक जरा अनकम्फर्टेबल होतील. आपल्याकडे व्हेजिटेरियन पण आहेत. हरणं वगैरे मारायची म्हणजे... मागच्या मीटिंगला पण विषय निघाला होता."

"तू मटण खातोस ना, मंदार?"

"मी? हो, म्हणजे, बाहेर."

"मारणाऱ्याचा हात दुसऱ्याचा असावा, एवढंच तुझं म्हणणं आहे. तलवार प्लास्टिकची असावी, हात दुसऱ्याचा असावा, आणि पूजा शस्त्राची. बरं, मग?"

मंदारने माझ्याकडे पाहिलं. मी गुलाबजाम मोजत असल्यासारखं केलं. हॉलमधले सगळे तोवर पाटाभोवती जमले होते. एक-दोघांनी 'ताई, सणाच्या दिवशी कशाला' असं सुरू केलं. रजनीताई पाटासमोर तशाच उभ्या. त्या परत नेणार नाहीत हे दिसत होतं, आणि मंदार ठेवू देणार नाही हेही. तेवढ्यात कोणाची तरी सासू, वर्ध्याकडच्या म्हाताऱ्या, सहा महिन्यांसाठी लेकाकडे आलेल्या, खुर्चीतून म्हणाल्या, "अवो, ठेवू द्या ना बाप्पा. लाकूडच तं हाये. त्या लॅपटापाले कुंकू चालते अन् लाकडाले नाई?" आणि स्वतः उठून त्यांनी त्या तुकड्याला हळदकुंकू लावलं. तुकडा पाटावर राहिला. रजनीताईंनी सोनं म्हणून कोणत्याशा झुडपाचं पान त्यांच्या हातात दिलं आणि वाकून नमस्कार केला. मंडळात त्यांना कोणासमोर वाकलेलं मी तेवढंच पाहिलं.

परीक्षा पुढच्या महिन्यात एका नेमबाजी क्लबच्या रेंजवर होती. शंभर मीटरवर कागद, कागदावर चहाच्या बशीएवढं वर्तुळ. आडवं पडून तीन गोळ्या, तिन्ही आत. मग जवळून, बसून आणि उभ्याने. पंधरा परीक्षार्थी, चौदा पुरुष. रजनीताईंची रायफल मात्र पाहण्यासारखी झाली होती. पुढचं लाकूड आखूड, टोक गोल केलेलं, दस्ता पिकल्या चिकूच्या रंगाचा, वर काळी दुर्बीण. वजन साडेतीन किलोवर आलं होतं; मी स्वतः तोललं होतं. दोघातिघांनी जवळ येऊन पाहिली आणि शीळ घातली.

तीन गोळ्यांपैकी एक आत गेली. एक डावीकडे वर, एक खाली. दुसऱ्या संधीत दोन आत, एक कागदाच्या कडेला. मी दुर्बिणीतून पाहत होतो. दोन टोकांच्या छिद्रांमध्ये सात इंच अंतर.

परीक्षक मवाळ माणूस होता. म्हणाला, "मिसेस, तुझा हात चांगला आहे, मी पाहतोय. रायफल भटकतेय. ही घे क्लबची. परीक्षा तुझी आहे, रायफलीची नाही. पाच मिनिटांत पास होशील, आणि सगळं ग्रँड."

नियमात ते बसत होतं. मीही म्हटलं, "घ्या ताई. कागद मिळाला की संपलं. मग दुरुस्त करत बसा."

त्या उठून बसल्या. कोपरांना चिखल, चष्म्यावर पावसाचे थेंब.

"ही रायफल डोंगरात येणार आहे का?" त्यांनी परीक्षकाला विचारलं.

"क्लबची? नाही."

"मग क्लबच्या रायफलीवर पास होऊन मी तिकडे माझी घेऊन जाऊ? जी इथं सात इंच भटकते ती हरणाच्या पोटात लागेल. ते तीन दिवस जंगलात मरत राहील. आणि माझ्याकडे कागद असेल की मी पास आहे." त्यांनी खटका उघडला, आत रिकामं असल्याचं परीक्षकाला दाखवलं. "नापास लिहा."

"लिहायलाच पाहिजे असं नाही..."

"लिहा."

त्याने लिहिलं. डेक्लन तिथे होताच. तो त्या क्लबचा सभासद. तो वाईट बोलायचं म्हणून बोलला असेल असं मला वाटत नाही, पण बोलला. "आता ती सैन्याचीही राहिली नाही, आणि शिकारीचीही झाली नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं."

पुढची परीक्षा नाताळाआधी होती. तीही गेली तर परवान्याचं कारण संपणार होतं. परतताना गाडीत त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "डोनलने सांगितलं होतं. मी ऐकून राहिली होती, पण ऐकलं नाही."

त्यांची चूक इंजिनिअरची होती. नव्या रायफलींत नळी कुठेही लाकडाला टेकू देत नाहीत. ती मोकळी ठेवली की गोळ्या एका जागी पडतात. रजनीताईंनी वाचून, मोजून, तसंच केलं होतं. फोरएंड कापून पुढे नळीखाली सगळीकडे फट ठेवली होती, कागद आरपार फिरेल अशी. पण ही जुनी जात वेगळी. हिची नळी बारीक, आणि लाकूड पुढे टोकाशी तिला खालून किंचित उचलून धरायचं. तो टेकू करवतीबरोबर गेला होता, आणि नळी दर गोळीला वेगळी थरथरत होती.

"मागावर ताण नसला की धागा नाचते," त्या म्हणाल्या. "मला हे माहीत पाहिजे होतं. बाबांच्या मागाखाली मी मोठी झाली." आणि थोड्या वेळाने, "चूक माझी. पण कापलं ते बरोबरच कापलं."

आता टेकू परत द्यायचा होता. नवीन टोकाशी, नळीखाली, लाकडाची एक पातळ चकती. पण किती जोराने उचलायचं? डोनल म्हणाला, अंदाजाने. त्याच्या वडिलांनी अंदाजानेच केलं होतं.

"अंदाजाने मी इडल्यापण नाही करत," रजनीताई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुमच्याकडे बॅगा तोलायचा काटा आहे ना?"

परदेशात राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरात तो असतो. मूठ, खाली आकडी, वर आकडा. विमानात तेवीस किलो चालतात, आणि पापड, मेतकूट, कुकरची शिटी धरून बॅग चोवीस भरते. तो काटा घेऊन मी शनिवारी डोनलच्या दुकानात गेलो. रायफल शिकंज्यात आडवी. नळी आणि चकती यांच्यामध्ये कागदाची पट्टी. नळीला दोरीचा फास, फासात काट्याची आकडी. मी वर ओढायचं, डोनलने पट्टी खेचून पाहायची, आणि पट्टी सुटली की मी आकडा वाचायचा. पहिल्यांदा साडेचार किलो, फार. चकती घासली. साडेतीन. पुन्हा घासली. डोनल दर वेळी म्हणायचा, "आता बास," आणि रजनीताई दर वेळी विचारायच्या, "कशावरून?" दोन किलोंच्या आसपास आल्यावर रेंजवर जाऊन गोळ्या झाडल्या. मग थोडी कमी, मग पुन्हा रेंज. तीन शनिवार गेले. तिसऱ्या शनिवारी कागदावरची तीन छिद्रं मी कॅलिपरने मोजली. दोन इंचांच्या किंचित आत.

डोनलने तो काटा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "हा कुठे मिळतो?"

"पुण्यात," मी म्हटलं. त्याला पुढच्या सुट्टीत एक आणून दिला.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी वारा होता. परीक्षक तोच. रजनीताईंनी कोणाला नमस्कार-चमत्कार न करता आडव्या होऊन तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही आत. बसून, आत. उभ्याने, शेवटची, वाऱ्यात. त्या इतका वेळ थांबल्या की मला वाटलं आता रायफल खाली करतील. केली नाही. परीक्षकाने कागद आणला, छिद्रांवर बोट फिरवलं, 'पास' लिहिलं आणि म्हणाला, "कशी काय जमवलीस तिला?"

"ऐकलं तिचं," त्या म्हणाल्या. "उशिरा ऐकलं."

मंडळात कोणी अभिनंदन केलं नाही. हळदीकुंकवाला त्यांना बोलावलं नाही, किंवा बोलवायचं राहून गेलं. दोन्ही म्हणणारे आहेत. त्या तरीही गेल्या, वाण घेतलं, आणि बसून सगळ्यांच्या शेवटी उठल्या.

जानेवारीत एका रविवारी पहाट उलटल्यावर मी त्यांना टॉमच्या घरी सोडलं. त्यांना माझी सोबत डोंगरात नको होती. "तुमचे बूट वाजते, भाऊ." म्हणून मी टॉमबरोबर स्वयंपाकघरात चुलीपाशी बसलो. डेक्लनही आला होता, काकाकडे कोळसा टाकायच्या निमित्ताने.  टॉमचे कान अजून शाबूत होते, आणि तो कान देऊन बसला होता.

आवाज आला. लांब, डोंगरावरून, ओल्या हवेत दबलेला.

टॉमने हात वर केला, आम्ही हलू नये म्हणून. दुसरा आवाज येतो का ते तो ऐकत होता. दुसरा येणं म्हणजे पहिली नीट लागली नाही. चुलीतलं लाकूड फुटलं तेव्हा आम्ही दचकलो. तो हात तसाच धरून बसला, आणि मग हळूहळू मांडीवर ठेवला.

"एकच," तो म्हणाला.

"एकच," डेक्लन म्हणाला.

बऱ्याच वेळाने त्या उताराच्या वरच्या कडेला दिसल्या. रायफल पाठीवर, खटका उघडा. कमरेला दोरी बांधलेली, आणि दोरीमागे हरणी. ओल्या गवतावरून ती घसरत येत होती आणि मध्येच झुडपात अडकत होती. त्या थांबायच्या, मागे जाऊन सोडवायच्या, पुन्हा दोरी ताणायच्या. अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला नागपूरहून आणलेला लोकरी स्कार्फ. दोन्ही बाजूंना ओकची रोपं, त्यांच्या प्लास्टिकच्या नळकांड्यांत उभी.

डेक्लन धावत फाटकाशी गेला. मी त्याच्या मागे. "थांब तिथेच!" तो ओरडला. "मी ट्रॅक्टर आणतो. एकटीने ओढू नकोस!"

रजनीताई थांबल्या नाहीत. उतार संपला होता आणि आता सपाट भाग होता, म्हणजे सगळं वजन त्यांच्या कमरेवर होतं. त्या पुढे वाकून, एकेक पाऊल रोवत येत राहिल्या. फाटकापाशी आल्यावर त्यांनी मान वर केली. दम लागला होता, चेहरा लाल झाला होता.

"फाटक उघड," त्या डेक्लनला म्हणाल्या. "तेवढं कर."

त्याने फाटक उघडलं आणि बाजूला झाला. त्या आमच्या मधून हरणी ओढत आत गेल्या, आणि दाराशी काठी टेकून उभ्या राहिलेल्या टॉमच्या पायापाशी येईपर्यंत दोरी ढिली केली नाही.